सोलरचा खटका

त्या उन्हाळ्यात भामाबाईच्या घरात पंखा होता, फ्रिज होता, दिवसभर गार पाणी होतं. वस्तीत मात्र तिच्याशिवाय माणूस नव्हतं.

कडा गावाच्या रस्त्यापासून दीड कोस आत, माळाच्या कडेला सोळा घरांची ही बुद्धवस्ती. दोन वर्षं पाऊस नुसता हुलकावणी देऊन गेला होता. तिसऱ्या वर्षी जानेवारीतच बोअर आटले. फेब्रुवारीत विजेची डीपी जळाली आणि ती बदलायला कुणी आलंच नाही. ऊसतोडीला गेलेली घरं अजून परतली नव्हती. मार्चमध्ये गावच्या दूध संस्थेनं चार किलोमीटरवर माळावर चारा छावणी काढली, तसा ज्याच्या दावणीला जनावर होतं तो जनावरामागं तिकडं गेला. पत्र्याच्या, साडीच्या पालांत बिऱ्हाडं लागली. टँकर तिकडंच, दूध संकलन तिकडंच, किराणा तिकडंच. वस्तीवर दर चौथ्या दिवशी एक टँकर यायचा, भामाबाईचं एक पिंप भरायचा आणि मागं वळून जायचा.

भामाबाई राहिली ती बॅटरीमुळं.

तिचा मुलगा भारत पुण्यात सोलर बसवणाऱ्या कंपनीत होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप जालिंदर शेतात मोटार सुरू करायला गेला आणि अंधारात त्याचा पाय सापावर पडला. शेतीची लाईट तेव्हा रात्रीचीच यायची. तो सकाळी सापडला. दहावा-तेरावा करणारी ती माणसं नव्हती, पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना संपल्यावर भारत आईला म्हणाला होता, "आता या घरात अंधार होणार न्हाई."

नोकरी लागल्यावर त्यानं शब्द पाळला. स्लॅबवर चार पॅनल बसवले. आत, बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या भिंतीवर एक पांढरी पेटी टांगली. ती बॅटरी. दिवसा ऊन भरून घ्यायची, रात्री घराला द्यायची. तिच्या खाली तीन खटके होते. भारतनं आईला ते तीनदा समजावले होते. हा घराचा, हा बॅटरीचा, आणि हा सोलरचा. "सोलरच्या खटक्याला हात लावू नको. तो कायम वरच."

पेटीला छपरावरून एक अँटेना जोडलेली होती. घरात किती वीज येते, किती जाते, ते भारतला पुण्यात मोबाईलवर दिसायचं. एक रेघ वरखाली व्हायची. भामाबाईच्या स्वतःच्या फोनला मात्र घरात रेंज यायची नाही. त्यासाठी अंगणातल्या लिंबाखालच्या ओट्यावर जावं लागायचं. रोज सकाळी आठला ती तिथं जाऊन बसायची आणि भारतचा फोन यायचा.

"आई, काल दीड ते पाच लोड पडला व्हता. कुठं गेलतीस?"

"कुठं जाते? इथंच व्हते."

"इथं व्हतीस तर पंखा बंद कावून?"

खरं तर ती छावणीत गेलेली असायची. तिची गाय तिथं होती. छबुबाई, तिची शेजारीण, स्वतःच्या दोन म्हशींबरोबर भामाबाईची गायही घेऊन गेली होती. भामाबाईनं मार्चमध्येच भारतला विचारलं होतं, मीबी जाते म्हणून. तो म्हणाला, "पलीकडच्या वाडीवर रिकाम्या घराचे पॅनल काढून नेले चोरांनी. बॅटरी मी माझ्या पगारातनं हप्त्यानं घेतलीय, आई. आणि तिथं पालात काय हाय? पंखा न्हाई, संडास न्हाई. चार महिने दम काढ."

तो वाईट बोलला नव्हता. म्हणूनच तिला नाही म्हणता आलं नाही. पुढच्या रविवारी तो येऊन ओसरीला लोखंडी जाळी बसवून गेला. जाळीच्या दाराला लॅचचं कुलूप होतं, दार ओढलं की आपोआप लागणारं. चोरानं जाळीतून हात घालून कडी काढू नये म्हणून ते आतूनही चावीनंच उघडायचं.

भामाबाईनं नऊ वर्षं दूध संस्थेत मशीनवर दुधाचं फॅट मोजायचं काम केलं होतं. संस्थेत बायांना सभासद करून घ्या म्हणून ज्या अकरा बाया आधीचे चेअरमन आप्पा यांच्या काळात ऑफिसच्या दारात बसल्या होत्या, त्यातली ती एक. पहाटे चारशे लिटर दूध, साठ-सत्तर माणसं, त्यांच्या कागाळ्या, हसणं, भांडणं, हे सगळं तिच्या मशीनपुढून जायचं. आता सकाळी आठच्या फोननंतर दुसऱ्या दिवशीच्या आठपर्यंत तिच्याशी बोलणारं कुणी नसायचं. ती फ्रिजचं दार उगाच उघडायची. आत पाण्याच्या सहा बाटल्या आणि अर्धा कांदा. दुपारी खाटेवर पडून पंख्याकडं बघत राहायची. कधी कधी तिला वाटायचं, आपण घर राखत नाही, घर आपल्याला राखतंय.

मग तिला एक युक्ती सुचली. बाहेर पडताना ती पंखा चालूच ठेवू लागली. रिकाम्या खाटेवर पंखा फिरत राहायचा आणि भामाबाई डोक्यावर पदर ओढून माळ तुडवत छावणीत जायची. गायीच्या अंगावरून हात फिरवायची, छबुबाईच्या चुलीवरची भाकर खायची, पाचच्या आत परत. सकाळी भारत म्हणायचा, "काल दुपारी बरी झोप झाली वाटतं." ती हूं म्हणायची. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटायचं आणि त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटायची.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात छबुबाईचा निरोप आला. गायीनं कास सोडलीय, आज-उद्यात व्येणार, तू ये.

त्या दिवशी मंगळवार होता. भामाबाईनं दहालाच भाकरी बांधून घेतल्या, पंखा लावला, फोन आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन ओट्यावर आली. चपलेचा अंगठा तुटला होता तो खिळ्यानं ठोकत बसली. तेवढ्यात माळावरून वावटळ उठली. लाल धुळीचा खांब वस्तीकडं येताना तिनं पाहिला आणि मागच्या खोलीची खिडकी उघडी आहे हे तिला आठवलं. चपला, फोन, किल्ल्या तशाच ओट्यावर टाकून ती आत पळाली. खिडकी लावेपर्यंत वावटळ अंगणात आली. ओसरीचं दार एकदा भिंतीवर आपटलं, मग उलट फिरून जाळीत बसलं. लॅचचा आवाज तिला मागच्या खोलीत ऐकू आला.

ती ओसरीत आली. दार लागलं होतं. जाळीतून ओटा दिसत होता. किल्ल्या दिसत होत्या. पंधरा-वीस पावलं.

आधी तिला हसू आलं. मग तिनं दार हलवून पाहिलं, खांद्यानं रेटलं. काठी घेऊन जाळीतून बाहेर काढली, ती निम्म्यापर्यंतही पोचली नाही. मागच्या खिडकीला गज होते. तिनं तिथं उभं राहून हाका मारल्या. छबे, ए छबे. पहिल्या दोन-तीन हाकांनंतर तिच्या लक्षात आलं की छबुबाई चार किलोमीटरवर आहे आणि आपण नुसतीच सवयीनं तिचं नाव घेतोय.

टँकर कालच येऊन गेला होता. आता शुक्रवारी येणार.

ती खाली बसली. घरात पीठ होतं, पाणी होतं, डोक्यावर पंखा होता. तीन दिवस काय, आठ दिवसही ती मेली नसती. कुणाला सांगितलं तर ते म्हणालं असतं, यात रडायचं काय? पण तिकडं गाय अडली असेल. मागच्या वेतालाही वासरू आडवं आलं होतं. तेव्हा भामाबाईनंच हात घालून पाय सरळ केले होते. छबुबाईला ते जमत नाही.

अकराच्या सुमाराला ती उठली आणि पांढऱ्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली. तिला फोनपर्यंत जाता येत नव्हतं, पण या पेटीतून भारतपर्यंत जाता येत होतं. तिनं घराचा खटका खाली केला. पंखा फिरत फिरत थांबला. फ्रिजची घरघर बंद झाली. आता पुण्यात रेघ तळाला गेली असणार.

ती जाळीशी येऊन बसली. बराच वेळ गेला. मग ओट्यावर फोन वाजला.

ती उभी राहिली. फोन वाजत होता, चपलेशेजारी थरथरत होता. तिनं दोन्ही हातांनी जाळी धरली. वाजून वाजून तो थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. "भारता," ती हळूच म्हणाली, जणू त्याला ते ऐकू जाणार होतं. आता तो कुणाला तरी लावेल. छबुबाईला लावेल, संस्थेत लावेल. कुणीतरी येईल.

एक वाजला तरी कुणी आलं नाही. फोनही पुन्हा वाजला नाही.

तेव्हा तिला कळलं. भारतला वाटलं असणार, आई पुन्हा न सांगता छावणीत गेली. फोन मुद्दाम उचलत नाही. रेघ तळाला गेली की आई घरात नसते, हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

घामानं चोळी पाठीला चिकटली होती. ती परत पेटीसमोर गेली. तिनं घराचा खटका वर केला, पंखा सुरू झाला. असं काय आहे जे पाहून भारतला दुसरं काही वाटणारच नाही? मग तिची नजर तिसऱ्या खटक्यावर गेली. भर दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, ऊन कसं जाईल? ते कुणीतरी घरात उभं राहून घालवल्याशिवाय जाणार नाही.

तिनं सोलरचा खटका खाली ओढला.

पेटीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. रेघ उसळावी म्हणून तिनं इस्त्री काढून लावली, तिच्या शेजारी मिक्सर रिकामाच फिरवला. थोड्या वेळानं खटका वर केला, पुन्हा खाली केला. वर, खाली. पेटी टिकटिक आवाज करू लागली. ओट्यावर फोन वाजला आणि या वेळी तो वाजतच राहिला, थांबला की पुन्हा, थांबला की पुन्हा. भामाबाई खटक्यावरचा हात काढेना. बोटं दुखू लागली तेव्हा तिनं दुसरा हात लावला.

अर्ध्या तासात टेम्पोचा आवाज आला.

संस्थेचा दुधाचा टेम्पो धुरळा उडवत थेट अंगणात शिरला. चालवणारा उत्तरेश्वर होता. मागून चार गडी उड्या टाकून उतरले, दोघांच्या हातात काठ्या, एकाच्या हातात कोयता. पुढच्या सीटवरून चेअरमन माणिकराव उतरले. संस्थेच्या कामाला ते निरोप धाडायचे, भामाबाईच्या अंगणात ते कधी आले नव्हते. गडी घराच्या दोन्ही बाजूंनी पांगले. एकजण शिडीवरून स्लॅबवर चढला.

"पॅनल हायेत बे," तो वरून ओरडला. "चारीबी हायेत."

"मागं बघा, मागं," माणिकराव म्हणाले, आणि मग त्यांना जाळीमागं उभी असलेली भामाबाई दिसली.

"तुमी आतच हाव?"

"दार लागलं. किल्ल्या ओट्यावर हायेत."

माणिकरावांनी ओट्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "भारतचा फोन आला, कुणी पॅनल काढायलंय म्हणून. पळा म्हणला. मी वैरणीचं वाटप टाकून आलो." बोलता बोलता त्यांना धाप लागली होती. ते ओसरीच्या पायरीवर टेकले. "पाणी हाय का?"

तिनं फ्रिजमधून बाटल्या आणल्या आणि जाळीतून एकेक बाहेर दिली. माणिकरावांनी एक घेतली, गड्यांनी बाकीच्या घेतल्या. पिऊन झाल्यावर उत्तरेश्वर ओट्याकडं गेला आणि त्यानं किल्ल्या आणल्या.

"माझी गाय?" तो दार उघडत असताना भामाबाईनं विचारलं.

"व्याली की सकाळी," उत्तरेश्वर म्हणाला. "गोऱ्हा हाय. छबुबाई लई वाट बघत व्हती तुमची. डॉक्टरला बोलवावं लागलं, पण दोघंबी बरे हायेत."

ती बाहेर आली आणि अंगणात उभी राहिली. पायाखालची माती तापली होती तरी तिला चपला घालायचं सुचलं नाही. फोन पुन्हा वाजत होता. तिनं तो उचलला.

"आई? आई, तू कुठं हायस? घरात कोण हाय?"

"मीच हाय."

"मग सोलर कुणी पाडला?"

"मी पाडला. दार लागून मी आत कोंडले व्हते. दहापसनं."

भारतचा आवाज खाली आला. "मला वाटलं..."

"तू दोनदा फोन केलास. मी ऐकत व्हते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण अंगणातली माणसं बोलायची थांबली. "मी दिसले न्हाई तवा तू कामाला लागलास. पॅनल दिसले न्हाईत तवा चार माणसं धाडलीस."

तिनं फोन बंद केला, तशीच टेम्पोत चढली आणि छावणीत गेली. त्या दिवशी ती परत आली नाही.

शनिवारी भारत आला. छावणीत नाही, आधी वस्तीवर गेला आणि तिथून निरोप धाडला. भामाबाई गेली तेव्हा तो ओसरीत खाली बसला होता. शेजारी स्क्रू-पाने पसरलेले. जाळीच्या दाराचं लॅच त्यानं काढून ठेवलं होतं. दाढी वाढली होती.

"चल पुण्याला," तो म्हणाला. "मी चौथ्या मजल्यावर हाय, पण लिफ्ट हाय. इथलं काय व्हईल ते व्हवू दे."

"तिथं मी दिवसभर काय करू?"

"आराम कर."

"इथं तेच करत व्हते."

तो मान खाली घालून स्क्रू डबीत भरू लागला. एक स्क्रू त्याच्या हातून निसटला, तो त्यानं शोधला नाही. "दादाला सकाळपर्यंत कुणी बघितलं न्हाई," तो म्हणाला. जालिंदरला तो दादा म्हणायचा. "मी हॉस्टेलला व्हतो. मला दुपारी कळलं. तवापासनं मला असं वाटतं, मी बघत ऱ्हायलो तर काही व्हणार न्हाई. कामावर दर तासाला बघतो. पंखा चालू दिसला की मला बरं वाटतं. आई झोपलीय, म्हणतो."

भामाबाई त्याच्याजवळ बसली. हे सांगावं की नाही, तिनं क्षणभर विचार केला. मग सांगितलं. पंखा चालू ठेवून ती दीड महिना बाहेर जात होती.

भारतनं वर पाहिलं. त्याचं तोंड उतरलं, लहानपणी परीक्षेत एका मार्कानं राहिल्यावर उतरलं होतं तसं. "म्हणजे मी रिकाम्या घराकडं बघत व्हतो."

"मला सांगता आलं न्हाई. तू घाबरतोस हे मला म्हाईत व्हतं. म्हणून सांगितलं न्हाई आणि म्हणून अडकून पडले. पण तू घाबरू नये म्हणून मी सगळं आयुष्य जाळीत बसू, असं न्हाई व्हणार, भारता."

"आणि बॅटरी?"

"ती तुजी हाय. न्ह्यायची तर ने. ठिवायची तर ठिव. मी पाऊस पडस्तवर छावणीत हाय. मशीनवर फॅट चुकीचं निघायलंय म्हणून लोक कावलेत, चेअरमननं उद्यापासनं मला बसायला सांगितलंय."

तो उठून आत गेला. त्यानं भिंतीवरची पेटी काढली नाही, नेलीही नाही. तिन्ही खटके एकेक करून खाली केले, दाराला साधं कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातात दिली.

दोघं त्याच्या मोटारसायकलवरून छावणीत आले. छबुबाईनं पालात त्याला जेवायला बसवलं. त्यानं खरवस खाल्ला, गोऱ्ह्याच्या कपाळाला हात लावला. पालात उकडत होतं, माशा होत्या, शेजारच्या पालात कुणाचं तरी भांडण चाललं होतं. तो सारखा इकडंतिकडं बघत होता आणि आपली आई इथं कशी राहणार हे त्याला पटत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

निघताना त्यानं गाडीला किक मारली आणि परत बंद केली.

"फोन किती वाजता करू?"

भामाबाईनं विचार केला. पहाटे दूध, मग वैरणीची रांग, मग टँकर, मग पुन्हा दूध. "मला सांगता यायचं न्हाई," ती म्हणाली. "कर कवाबी. उचलला न्हाई तर कामात हाय समज."

"आणि मला भेव वाटलं तर?"

तिनं त्याच्या शर्टावर चिकटलेलं चिपाड काढलं. तिकडून छबुबाई हाका मारत होती, रांग लागली होती, पेंढ्या संपत आल्या होत्या. भामाबाई गेली. थोड्या अंतरावरून तिनं वळून पाहिलं तर भारत अजून तिथंच गाडीवर बसलेला होता, फोन हातात धरून, आणि फोनकडं न बघता जनावरांच्या रांगांकडं बघत होता.